रात्री पावणेदोनला लावलेला १४४१६

टेली-मानस (१४४१६) या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनबद्दल लिहितोय. १० ऑक्टोबर २०२२ पासून ती चालू आहे, चोवीस तास, फुकट, मराठीतून. सांगलीत मार्केट यार्डात माझ्यासोबत काम करणाऱ्यांपैकी एकालाही ती माहीत नव्हती. मलाही एका पोस्टरवरून कळली.

आमचा धाकटा अकरावी सायन्सला. दिवाळीनंतर क्लासला जाईना. दिवसा झोप, रात्री जाग. भडंगाच्या डब्यात सारखा हात घालणारं पोरगं भरल्या ताटावरून उठायला लागलं. आईनं दृष्ट काढली, मी आवाज चढवला. एका समुपदेशकाकडे नेलं, तर पहिलाच प्रश्न दहावीच्या टक्क्यांचा. पोरगं परत तिकडं गेलं नाही.

एका रात्री म्हणाला, "पप्पा, मी नसलो तर फीचे पैसे तरी वाचतील." मला दरदरून घाम फुटला. गच्चीवर जाऊन फोन लावला. घरच्यांनी केला तरी चालतो, हे तेव्हा कळलं. पलीकडच्या ताईंनी विचारलं, "जीव द्यावासा वाटतो का, असं त्याला सरळ विचारलंत?" मी म्हटलं, विचारलं आणि नसलेलं डोक्यात भरलं तर? "विचारल्यानं भरत नाही दादा. उलट बोलायला वाट मिळते. आत्ताच जा. आज एकटं झोपू देऊ नका, घरातल्या गोळ्या कुलपात ठेवा."

आईच्या बीपीच्या गोळ्यांचा डबा कपाटात टाकला, पोराच्या शेजारी चटई अंथरली आणि विचारलं. तो भिंतीकडं तोंड करून बराच वेळ रडला. मग "हो" म्हणाला. मी त्याच्या पाठीवरचा हात पहाटेपर्यंत काढला नाही.

फोन म्हणजे उपचार नव्हेत, हे ताईंनीच बजावलं. दोन दिवसांत मिरजेला मानसोपचारतज्ज्ञांकडे गेलो. गोळीचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात, बरं वाटलं तरी मनानं बंद करायची नाही, असं त्यांनी आम्हा सगळ्यांना बसवून सांगितलं. बायकोनं कॅलेंडरवर खुणा केल्या. पहिले पंधरा दिवस फार जड गेले.

तेव्हा पुन्हा १४४१६ लावला. पोरगं बोलतच नाही म्हटल्यावर सल्ला मिळाला की समोर बसवून विचारू नका, सोबत काहीतरी करा. मग रोज संध्याकाळी त्याला गाडीवर मागं बसवून हरिपूरला संगमापर्यंत न्यायला लागलो. तोंड दिसत नाही म्हणून असेल, पण मागून एकेक वाक्य यायला लागलं. क्लासातल्या रँकचं, मित्र तुटल्याचं. मी फक्त "हं" म्हणायचो.

परवा चिंचांच्या सावलीत म्हणाला, "पप्पा, सावकाश घ्या की. एवढ्यात कशाला घरी जायचं?"