खात्यात राहावं की मालक व्हावं?

सार्वजनिक आरोग्यसेवेतल्या एका परिचारिकेला पडलेला हा पेच: सरकारी खात्यात राहावं, की सहकाऱ्यांसोबत बाहेर पडून तीच सेवा कंत्राटावर देणारी, कर्मचाऱ्यांच्याच मालकीची संस्था काढावी?

नवं काही करायचं तर कर्मचाऱ्यांच्या मालकीची संस्था नक्कीच पुढे. खात्यात घरभेटीचा साधा फॉर्म बदलायचा तरी फाइल चार टेबलं फिरते. संस्थेत तो भरणारेच बैठकीत ठरवतात. इंग्लंडमध्ये 2006 साली एनएचएस या सरकारी आरोग्यसेवेतून बाहेर पडून उभी राहिलेली सेंट्रल सरे हेल्थ ही परिचारिका आणि थेरपिस्टांच्या मालकीची.

पैशाच्या बाबतीत मात्र खातं भक्कम. संस्थेचं कंत्राट संपलं की मोठ्या कंपन्यांसमोर पुन्हा निविदा भरा. गंगाजळी नसेल तर पहिली कात्री प्रयोगांवरच. शिवाय हिशेबाची मेहनत वेगळी.

रोजची कामाची पद्धत बदलायची आहे, सहकारी एकजुटीचे आहेत, कंत्राट लांब मुदतीचं आहे? मालकी घ्या. अग्निशमनासारखी, क्षणाचाही खंड न चालणारी सेवा खात्यातच ठेवावी.