सिंड्रेला की हॅन्सेल-ग्रेटेल?

खानापूरहून मावसबहिणीचा फोन. नवरा मराठा लाइट इन्फंट्रीत, पोरगी सहा वर्षांची. झोपताना यातली कुठली सांगू?

बाप कसा आहे, ते बघ. फ्रेंच लेखक पेरोच्या १६९७ च्या कथेत सिंड्रेलाचा बाप जिवंत, फक्त बायकोपुढे गप्प. डिस्नेच्या १९५० च्या चित्रपटात तो सुरुवातीलाच मरतो. सोयीचं झालं, जाबच द्यायला नको! पण फौजीच्या पोरीला रोज रात्री हे मरण कशाला? हॅन्सेलचा बाप पोरांना रानात सोडतो, तरी शेवटी ती त्याच्याच गळ्यात पडतात. (ही गोष्ट छापणाऱ्या जर्मन ग्रिमबंधूंच्या १८१२ च्या आवृत्तीत आई सख्खी होती, पुढे ती सावत्र केली. दोष बाईवरच.)

ओढ म्हणशील, तर सिंड्रेलात ती राजपुत्राकडे वळते. हॅन्सेलमध्ये घरी परतायची खूण म्हणून वाटेवर टाकलेले पांढरे खडे आहेत. मी ही गोष्ट सांगितली त्याच्या दुसऱ्या दिवशी भाचीनं उंबऱ्यापासून फाटकापर्यंत खडे मांडले. ‘बाबा रात्री आला तर दिसायला नको?’

सांगायला सिंड्रेला सोपी. हॅन्सेलमधली चेटकिणीला ढकलून देतात ती भट्टी जरा आवरती घ्यावी लागते.

बाबा सुट्टीवर येणार असेल, तर हॅन्सेल. बाप खरंच गेलेल्या घरात मात्र सिंड्रेला, तीही चित्रपटातली.