शेतात हरवलेली दफनभूमी शोधायला ‘फाइंड अ ग्रेव्ह’ कितपत कामाचं?

एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत नवी जमीन कसायला गेलेल्या कुटुंबांच्या आसपास बहुतेक वेळा ना चर्च असे, ना गाव. घरातलं माणूस गेलं की शेतातल्याच एखाद्या उंचवट्यावर पुरायचं. पुढे कुटुंब आणखी पश्चिमेला सरकलं, शेत विकलं गेलं आणि ती दहा-वीस थडगी झाडोऱ्यात गडप झाली. त्यांचा माग काढणारे बहुतेक जण सुरुवात करतात ती फाइंड अ ग्रेव्ह या संकेतस्थळापासून. तिथे प्रत्येक मृताचं एक पान असतं, आणि ती पानं हौशी सदस्यच बनवतात. जिम टिप्टन यांनी १९९५ मध्ये ते प्रसिद्ध माणसांच्या थडग्यांसाठी सुरू केलं, २०१३ मध्ये ते वंशावळी शोधण्याची सेवा देणाऱ्या अ‍ॅन्सेस्ट्री कंपनीकडे गेलं, आणि आजही ते फुकट आहे. आमचं मत आधीच सांगतो: जागेचा पत्ता लावायला उत्तम, पुरावा म्हणून कच्चं.

कच्चं का, ते इंडियानातल्या स्पेन्सर काउंटीत स्पष्ट दिसतं. अब्राहम लिंकन यांच्या आई नॅन्सी ५ ऑक्टोबर १८१८ रोजी ‘दुधाच्या आजारा’ने वारल्या. व्हाइट स्नेकरूट नावाचं विषारी रोप खाल्लेल्या गाईचं दूध पोटात गेलं की हा आजार होई. घराजवळच्या टेकाडावर, त्याच साथीत गेलेल्या स्पॅरो दांपत्याशेजारी त्यांना पुरलं. आज तिथे उभा असलेला दगड उद्योगपती पीटर स्टुडबेकर यांनी १८७९ मध्ये बसवला, म्हणजे तब्बल ६१ वर्षांनी. त्यावर वय ३५ कोरलंय. सर्वसाधारणपणे मानली जाणारी जन्मतारीख ५ फेब्रुवारी १७८४ धरली तर वय ३४ वर्षं ८ महिने निघतं. थडग्याची नेमकी जागाही खात्रीने सांगता येत नाही. राष्ट्राध्यक्षांच्या आईची ही गत, तर साध्या शेतकऱ्याच्या बाळाची काय असेल! पण संकेतस्थळावर दोन्ही पानं सारखीच ठाम दिसतात. मूळ शिळेवरून घेतलेली तारीख आणि कुणाच्या तरी वंशवृक्षातून उचललेली तारीख एकाच रकान्यात, एकाच अक्षरात बसते. या सेवेतला सगळ्यात मोठा दोष हाच.

म्हणून पान उघडलं की आधी शिळेचा फोटो आहे का बघा. नसेल तर नोंद ऐकीव समजा. मग दगडाचं वय ताडून पाहा: १८२० चा मृत्यू आणि गुळगुळीत पॉलिश केलेला ग्रॅनाइट, म्हणजे तो दगड बहुधा वंशजांनी नंतर बसवलेला. ‘सेनोटॅफ’ अशी खूण असेल तर देह तिथे नाही, फक्त स्मारक आहे.

दफनभूमीच संकेतस्थळावर नसेल तर नवी नोंद करायची घाई नको. एकच जागा मूळ मालकाच्या आडनावाने, नंतरच्या मालकाच्या नावाने आणि जवळच्या ओढ्याच्या नावाने अशी तीनदा चढलेली असू शकते. आधी अमेरिकेच्या भूसर्वेक्षण विभागाचे जुने नकाशे त्यांच्या टोपोव्ह्यू या संकेतस्थळावर फुकट बघा. १:२४,००० च्या नकाशांवर छोट्या दफनभूम्याही पुष्कळदा सापडतात. मग सरकारी जमीन-पट्ट्यांची नोंद काढा. तीही ऑनलाइन फुकट आहे. फक्त केंटकी, टेनेसी, टेक्सस, मेन, व्हरमाँट, वेस्ट व्हर्जिनिया, हवाई आणि मूळच्या तेरा वसाहतींची राज्यं तिच्यात नाहीत, तिथे काउंटीचे दस्तच चाळावे लागतात. पट्ट्यातून सेक्शन कळतो. सेक्शन म्हणजे सरकारी मोजणीतला ६४० एकरांचा चौकोन, आणि बऱ्याच कुटुंबांकडे त्यातला ४० किंवा १६० एकरांचा तुकडा असे, त्यामुळे पायपीट आटोक्यात येते. मृत्यूच्या नोंदींसाठी १८५० ते १८८० च्या जनगणनांच्या मृत्युसूच्या आहेत, पण त्यांत फक्त १ जूनआधीच्या बारा महिन्यांतले मृत्यू येतात. दहा वर्षांतलं एकच वर्ष! सूचीत नाव नाही म्हणून माणूस मेलंच नाही, असं धरू नका.

जागेवर जायचं ते हिवाळ्यात आणि जमीनमालकाला विचारूनच. पानगळ झालेली असते, आणि थडग्यांवर लावलेली व्हिन्काची वेल तेव्हाही हिरवीगार असते, लांबूनच ओळखू येते. जुनी सीडरची झाडं आणि युक्काची बेटंही खुणेची. लांबट खळगे पूर्व-पश्चिम पसरलेले असतील तर शंका जवळजवळ फिटते, कारण डोकं पश्चिमेला ठेवायची रीत होती. खणू नका, कलंडलेला दगड उचलू नका.

नोंदणीत सर्रास होणारी चूक पायथ्याच्या दगडाची. डोक्याकडे मोठी शिळा आणि पायाशी आद्याक्षरं कोरलेला छोटा दगड अशी जोडी असते. त्या छोट्या दगडाला बाळाचं थडगं समजून वेगळं पान काढलं जातं, आणि कुटुंबात कधीच न जन्मलेलं मूल वाढतं.

अक्षरं वाचायला खडू, शेव्हिंग फोम, पीठ काहीही फासू नका. संगमरवर खराब होतो. आरशाने ऊन तिरपं पाडलं की पुसट अक्षरंही उठून दिसतात. धुवायचंच असेल तर मालकाची परवानगी, साधं पाणी आणि मऊ नायलॉनचा ब्रश. ब्लीच आणि तारेचा ब्रश कदापि नाही. दगड भुसभुशीत लागला तर पाणीसुद्धा नको.

शिळेवर जन्मतारखेऐवजी बरेचदा वय असतं. १४ मार्च १८४९ रोजी मृत्यू, वय ३४ वर्षं ५ महिने १२ दिवस, तर वजाबाकीने जन्म २ ऑक्टोबर १८१४. एखाद्या दिवसाचा फरक पडू शकतो, म्हणून कोरलेला मजकूर शिलालेखाच्या रकान्यात जसाच्या तसा उतरवा आणि तारीख गणिताने काढल्याचं माहितीत लिहा. निनावी दगड असतील तर त्यांची संख्या आणि रांगेतली जागा दफनभूमीच्या वर्णनात द्या. अंदाजाने नाव देऊन पान काढणं हा मेलेल्या माणसावर अन्याय आहे, आणि ते पान नंतर दहा वंशवृक्षांत उतरतं.

बिलियनग्रेव्ह्ज या अशाच दुसऱ्या संकेतस्थळाशी तुलना होतेच. ते २०११ चं. त्याच्या अ‍ॅपमधून काढलेल्या फोटोबरोबर जीपीएस स्थान आपोआप जातं, त्यामुळे रानातल्या जागेसाठी तिथला पत्ता जास्त भरवशाचा. पण त्याचा सगळा डोलारा शिळेच्या फोटोवर. जिथे निम्म्या थडग्यांवर नुसते रानातले धोंडे आहेत, तिथे ते तोकडं पडतं. फाइंड अ ग्रेव्हवर मोकळा मजकूर लिहिता येतो, आई-वडील जोडले की भावंडं आपोआप जुळतात आणि चूक दिसली तर पान सांभाळणाऱ्याला दुरुस्ती सुचवता येते. तो गप्प राहिला तर मात्र वाट बघणं आलं.

स्थान भरताना दशांशानंतर पाच आकडे द्या, म्हणजे कागदावर साधारण मीटरभर अचूकता. दाट झाडीत फोन त्याहून बराच चुकतो, तेव्हा मधल्या थडग्यावर दोन-तीन मिनिटं थांबून आकडे स्थिरावू द्या. सोबत शब्दांतही लिहा: कोणत्या रस्त्यापासून, कोणत्या दिशेला, किती पावलं, वाटेत कुंपण आहे का, आणि जमीन खाजगी आहे हे.