४२ रुपये भाव देणारा व्यापारी आणि माझे ६ लाख ३२ हजार

दिंडोरी तालुक्यात द्राक्षाचा व्यापारी पळाला, यात नवीन काही नाही. यंदा माझा नंबर लागला म्हणून लिहितोय.

अडीच एकर थॉमसन, २१० क्विंटल माल, भाव किलोला ४२. झाले ८ लाख ८२ हजार. पहिल्या गाडीला एक लाख रोख, दुसरीला दीड लाख आरटीजीएस. मग "काका, चेक ठेवा, सोमवारी टाका." चेक परत आला.

शिवारात तेव्हा ३६ चालू होते. सहा रुपये जास्त कोण कशाला देईल? आणि त्याहून मोठी खूण पुढ्यात होती. एरवी व्यापारी बागेत शिरला की मण्याला रिंग लावून आकार बघतो, गोडी मोजतो, कमी भरली की दोन रुपये तोडतो. या गड्याने एक मणी तोंडात टाकला आणि म्हणाला, "चालतंय." पैसे द्यायचेच नाहीत तो भाव कशाला तोडेल!

लोक म्हणतात, दिलाच कशाला? अहो, आभाळ भरून आलेलं. पाऊस पडून मणी तडकले की दहा रुपयांनी कुणी विचारत नाही. वर सोसायटीचं कर्ज, औषध दुकानाची उधारी. आणि त्याला आणणारा एजंट आमच्याच गावचा. आता म्हणतो, "मी फक्त गाठ घालून दिली." सौद्याच्या कागदावर एजंटचीही सही घ्या, नाही म्हणाला तर गाडी भरू नका.

मार्केट कमिटी म्हणते, माल आवाराबाहेर विकलात, आमचा संबंध नाही. २०१६ला सरकारने फळं-भाजीपाला नियमनमुक्त केला, म्हणजे आवाराबाहेर विकायला मोकळीक दिली, तेव्हा पैशांची हमी कोण देणार ते कुणी सांगितलं नाही. पोलीस म्हणतात दिवाणी बाब आहे, आणि आरोपीचा पत्ता तुम्हीच आणा! पत्ता असता तर ठाण्यात कशाला आलो असतो? २०२०मध्ये प्रताप दिघावकर नाशिक परिक्षेत्राचे महानिरीक्षक असताना याच पोलिसांनी व्यापाऱ्यांकडून शेतकऱ्यांचे पैसे वसूल केले होते. म्हणजे मनात आणलं तर जमतं. माझा अर्ज मात्र "ठेवून जा, बोलावू" यातच पडून राहिला आणि चेक परत आल्यावर वकिलाची नोटीस पाठवायची ३० दिवसांची मुदत गेली. चेकला तीन महिने झाले नसतील तर तो पुन्हा बँकेत टाका, परत आला की मुदत नव्याने मिळते. हे मला वकिलाने सांगितलं, ठाण्यात कुणी नाही.

काटा पावतीवरचं नाव आणि चेकवरचं नाव जुळतंय का बघा. माझं जुळत नव्हतं.

तोच एजंट परवा शेजारच्या उशिराच्या प्लॉटमध्ये नवा व्यापारी घेऊन आला होता. भाव ४४.