ओटीपी कुणालाच दिला नाही, तरी नंबर गेला

सगळ्यात आधी एक सांगते, कारण नंतर भेटलेल्या प्रत्येकाने मला हाच प्रश्न विचारला. मी ओटीपी कुणालाही सांगितला नाही. कुठली लिंक उघडली नाही, कुठलं ॲप उतरवून घेतलं नाही, कार्डचा नंबर दिला नाही. फोन माझ्याजवळ होता आणि सिमकार्ड त्याच्या खाचेत जागच्या जागी होतं. तरीही जवळजवळ चार तास माझा नंबर दुसऱ्याच माणसाच्या फोनवर चालू होता आणि माझ्या बँकेचे सगळे ओटीपी त्याच्याकडे जात होते.

सुरुवात माझ्याकडूनच झाली. घरात रेंज येत नव्हती. दोनदा तक्रार करून उपयोग झाला नाही म्हणून मी मोबाइल कंपनीच्या सोशल मीडियावरच्या पानावर सगळ्यांना दिसेल असं लिहिलं, आणि लवकर दाद लागावी म्हणून खाली नंबरही टाकला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पावणेसातला फोन आला.

"मॅडम, रेंजबद्दल तुमची तक्रार आली आहे. दोन मिनिटं बोलू शकता का?"

त्याला माझं नाव माहीत होतं, तक्रार शब्दशः माहीत होती. मी ती चारचौघांत लिहिली होती, हे त्या क्षणी माझ्या डोक्यातही आलं नाही. उलट वाटलं, चला, अखेर कुणीतरी लक्ष घातलं. बोलणं इतकं नम्र होतं की मीच त्याचे आभार मानले.

त्याने सांगितलं की माझं कार्ड जुनं झालंय, फोन नवा आहे, त्यामुळे सिग्नल नीट पकडला जात नाही. ई-सिम, म्हणजे कार्डाऐवजी फोनच्या आतल्याच चिपवर चालणारं सिम, करून घेतलं की अडचण सुटेल, आणि त्यासाठी कुठे यायची गरज नाही. हे चूक आहे, आणि हे एवढं जरी मला माहीत असतं तरी मी फोन ठेवला असता. ई-सिममुळे रेंज वाढत नाही. टॉवर तोच, फोनचा अँटेना तोच, कंपनी तीच. कार्ड खराब झालं असेल तर ते बदलून फरक पडतो, पण मग साधं नवं कार्डही चालतं.

मग त्याने एक मेसेज पाठवला. त्यात एक शब्द आणि पुढे ३२ आकडे. "हा तुमचा तक्रार क्रमांक आहे, मॅडम. जसाच्या तसा कंपनीच्या नंबरवर पाठवा." मी विचारलंसुद्धा, एवढा मोठा कसा? म्हणाला, सिस्टिमच तयार करते. ज्या नंबरवर पाठवायचं होतं तो खरोखरच कंपनीचा होता, वर्षानुवर्षं मला बिलाचे मेसेज त्याच नंबरवरून येतात. म्हणून मी निर्धास्त पाठवला. कंपनीचं उत्तर आलं, तेही खरंच कंपनीचं : आपली ई-सिमची विनंती मिळाली आहे, पुढे जायचं असल्यास १ लिहून कळवा. मी १ लिहिलं. मग कंपनीकडूनच ध्वनिमुद्रित आवाजाचा फोन आला, तिथेही मी १ दाबलं.

यात खोटं काय होतं? फक्त तो माणूस आणि त्याने त्या आकड्यांचा सांगितलेला अर्थ. बाकी प्रत्येक पायरी खरी होती. कंपनीने मला दोनदा विचारलं आणि मी दोनदा हो म्हटलं.

शेवटची सूचना त्याने फार काळजीने दिली. "आता थोड्या वेळात रेंज जाईल. घाबरू नका, नवं सिम चालू व्हायला तीन-चार तास लागतात. तोवर फोन पूर्ण बंद ठेवा, वाय-फायही नको, नाहीतर प्रोसेस मध्येच तुटते." पाच-सात मिनिटांत रेंजच्या काड्या गेल्या. तो म्हणाला होता तसंच झालं, म्हणून माझा विश्वास आणखी घट्ट झाला. मी फोन बंद केला आणि स्वयंपाकाला लागले.

रात्री साडेदहाला नवऱ्याच्या फोनवर माझ्या मावशीचा फोन आला. "पोचले का रे पैसे? मघापासून फोन लावतेय, रिंग जाते पण ती उचलतच नाही."

पैसे कसले हे विचारायच्या आधी मला दुसरंच खटकलं. माझा फोन तर बंद होता. मग रिंग कुठे वाजत होती?

नवऱ्याच्या फोनवरून मी माझाच नंबर लावला. रिंग गेली. चार वेळा वाजली आणि पलीकडून कुणीतरी फोन कापला. तो क्षण अजून माझ्या अंगावर येतो. आपल्या नंबरावर दुसरं कुणीतरी बसलंय, हे मला असं कळलं.

नंतरच्या काही आठवड्यांत मी या विषयाचं जेवढं मिळेल तेवढं वाचून काढलं. त्यातला कामाचा भाग इथे सांगते, कारण तो न समजल्यामुळेच मी फसले.

आपण सिम म्हणतो ते म्हणजे ते प्लास्टिक नव्हे. फिनलंडमधल्या कंपनीसाठी १९९१ साली पहिली सिमकार्डं बनली तेव्हा ती क्रेडिट कार्डएवढी होती, आजचं नॅनो सिम १२.३ बाय ८.८ मिलिमीटर आहे. प्लास्टिक घटत गेलं, काम तेच राहिलं. आत एक गुप्त किल्ली असते, आणि तीच किल्ली मोबाइल कंपनीकडेही असते. नेटवर्क एक आकडा पाठवतं, सिम त्या किल्लीने त्याचं उत्तर काढतं, कंपनी ते ताडून पाहते. किल्ली स्वतः कधी बाहेर पडत नाही. ई-सिममध्ये हेच सगळं फोनच्या आत कायमच्या बसवलेल्या चिपमध्ये घडतं. काढता-घालता येणारं कार्ड नसतं. किल्ली आणि बाकीची माहिती मिळून जी प्रोफाइल होते, ती कंपनीच्या सर्व्हरवरून कुलूपबंद स्वरूपात त्या चिपमध्ये उतरते. जगभरच्या मोबाइल कंपन्यांची संघटना असलेल्या जीएसएमएने ग्राहकांच्या उपकरणांसाठी याचे नियम २०१६ मध्ये ठरवले.

पण कुठल्या फोनमध्ये उतरायचं हे सर्व्हरला कसं कळणार? त्यासाठी अशा प्रत्येक चिपला तिचा स्वतःचा क्रमांक असतो, त्याला ईआयडी म्हणतात. तो ३२ आकडी असतो आणि ८९ने सुरू होतो.

मी ज्याला तक्रार क्रमांक समजले ते ३२ आकडे म्हणजे चोराच्या फोनमधल्या चिपचा ईआयडी होता. "माझा नंबर या फोनमध्ये उतरवा," अशी लेखी विनंती मी स्वतःच्या नंबरावरून स्वतःच्या कंपनीला केली होती.

आपल्या फोनचा ईआयडी बघायला अर्धं मिनिटही लागत नाही. फोन लावायच्या पडद्यावर *#०६# दाबा. १५ आकडी आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळख क्रमांक, दिसतो, आणि फोन ई-सिमचा असेल तर बहुतेक फोनांत त्याच्याबरोबर ईआयडीही दिसतो. सेटिंगमध्ये फोनच्या माहितीतही तो असतो. मी तेव्हा मेसेजमधले आकडे आणि माझ्या फोनचा ईआयडी शेजारी ठेवून पाहिले असते तर शेवटचे चारच आकडे पुरे होते. म्हणून माझं कळकळीचं सांगणं आहे, आज आपल्या फोनचा ईआयडी बघून ठेवा, आणि आईवडिलांचे फोन असतील तर त्यांचेही. फोनवरच्या माणसाने पाठवलेला लांबलचक आकडा कंपनीला कधीही पुढे पाठवू नका, त्याला तो काहीही म्हणो.

क्यूआर कोडचंही तसंच आहे. अनेक कंपन्या ई-सिम देताना क्यूआर देतात. त्या चौकोनात काय असतं, तर सर्व्हरचा पत्ता आणि तुमच्या प्रोफाइलचा कोड. जो आधी स्कॅन करेल त्याच्या फोनमध्ये नंबर उतरतो, आणि बहुतेकदा तो एकदाच चालतो. त्याचा फोटो काढून "मदत" करणाऱ्याला पाठवणं म्हणजे घराची किल्ली हातात देणं. काही ठिकाणी चोर आधी ग्राहकाच्या नोंदीतला ईमेल बदलून घेतात, म्हणजे क्यूआर परस्पर त्यांच्याकडेच जातो. म्हणून मोबाइल कंपनीकडे आपला कोणता ईमेल नोंदवलेला आहे, तेही एकदा बघून घ्या.

माझी सगळ्यात मोठी चूक १ दाबणं नव्हती. ती रेंज गेल्यावर थांबणं होती. आपण स्वतः ई-सिम करतो तेव्हाही जुनं कार्ड बंद पडतं, आणि नवं चालू व्हायला कधी वेळही लागतो. पण त्या वेळी क्यूआर किंवा कंपनीची सूचना आपल्या हातात असते, सेटिंगमध्ये नवं सिम आपल्या डोळ्यांसमोर उतरलेलं दिसतं. माझ्या फोनमध्ये काहीच उतरलं नव्हतं आणि कार्ड मात्र मेलं होतं. याचा अर्थ एकच होतो. आणि फोन बंद ठेवायला, वाय-फाय नको म्हणायला कारण होतं : बँकेचे ईमेल मला दिसू नयेत म्हणून. दुसऱ्या दिवशी पाहिलं तर पहिला ईमेल सात वाजून चौदा मिनिटांनी आला होता.

त्या चार तासांत काय काय झालं ते थोडक्यात. आधी त्यांनी "पासवर्ड विसरलो" म्हणून माझा ईमेल उघडला, कारण तिथेही ओळख पटवायला नंबरच दिलेला होता. मग बँकेचा पासवर्ड बदलला. बचत खातं रिकामं केलं, मुदत ठेव ऑनलाइन मोडली आणि तीही नेली. माझ्या सात महिन्यांच्या पगाराएवढी रक्कम होती. त्यानंतर त्यांच्या फोनवर माझं व्हॉट्सॲप चालू केलं. त्यात सहा आकडी पिनची जादा पायरी असते, ती मी कधी लावलीच नव्हती. ईमेलबरोबर जपलेली फोनबुकातली नावं त्यांच्या हाती लागली होती. मी नंबर "मावशी" म्हणूनच ठेवला होता, त्यामुळे त्यांनीही तिला "मावशी" म्हणूनच लिहिलं. दवाखान्यात आहे, लगेच पाठव, उद्या देते. तिने पाठवले.

त्या रात्री आम्ही दोघांनी कामं वाटून घेतली, ते बरं झालं. नवऱ्याने त्याच्या फोनवरून कंपनीला लावून नंबर ताबडतोब बंद करायला सांगितला. कारण नंबर चालू आहे तोवर बँकेत काहीही बदललं तरी चोर ते पुन्हा बदलू शकतो. मी शेजारच्यांच्या फोनवरून बँकेला सांगून खाती गोठवली. सकाळी ओळखपत्र घेऊन कंपनीच्या कार्यालयात गेले, नवं कार्ड घेतलं, पोलिसांत लेखी तक्रार दिली. तक्रारीत एक गोष्ट मी आग्रहाने लिहायला लावली : माझा नंबर ज्या ईआयडीवर उतरवला, तो कंपनीच्या नोंदीत आहे. माझ्या पाठवलेल्या मेसेजमध्येही होता. तो मेसेज रागाच्या भरात मी पुसून टाकणार होते. तुम्ही पुसू नका.

लोक म्हणतात, मग ई-सिम नकोच. हे मला पटत नाही. त्या चिपमधून कुणी काही चोरलं नव्हतं. फोन चोरीला गेला तर साधं कार्ड काढून दुसऱ्या फोनमध्ये घालता येतं, ई-सिमचं तसं करता येत नाही. चोरी झाली ती नंबर कुणाला द्यायचा हे ठरवण्याच्या जागी, आणि साध्या कार्डांच्या काळातही ती तिथेच होत होती. ट्विटरचे तेव्हाचे प्रमुख जॅक डॉर्सी यांचं खातं ऑगस्ट २०१९ मध्ये त्यांचा फोन नंबर असाच पळवून वापरलं गेलं. जानेवारी २०२४ मध्ये अमेरिकेच्या शेअर बाजार नियामकाच्या एक्सवरच्या (पूर्वीचं ट्विटर) खात्यावरून बिटकॉइनबद्दल खोटी घोषणा झाली, तीही नंबर दुसऱ्या सिमवर वळवूनच. अमेरिकेच्या मानक संस्थेने, म्हणजे एनआयएसटीने, २०१७च्या सूचनांत एसएमएसने येणाऱ्या कोडवर मर्यादित भरवसा ठेवावा असं म्हटलं आहे. फोनला लॉक किंवा सिमला पिन असून इथे उपयोग होत नाही, कारण चोर आपल्या सिमला हातच लावत नाही. त्याला नवं मिळतं.

मी स्वतः नंतर ई-सिमच घेतलं, पण कंपनीच्या कार्यालयात बसून, पडद्यावर माझाच ईआयडी आहे हे जुळवून. ईमेलला आता एसएमएसऐवजी कोड तयार करणारं ॲप लावलंय आणि त्याचे राखीव कोड कागदावर लिहून कपाटात ठेवलेत. व्हॉट्सॲपला पिन आहे. सिम बदलण्यावर कुलूप लावायची सोय काही कंपन्या देतात, ती तुमच्या कंपनीकडे आहे का विचारा. आणि रेंज अचानक गेली, शेजारच्या माणसाला मात्र आहे, तर लगेच दुसऱ्या फोनवरून आपला नंबर लावून बघा.

मुदत ठेवीचा काही भाग ज्या खात्यात गेला होता ते वेळेत गोठवलं गेलं, म्हणून तेवढे पैसे परत आले. बचत खात्यातले आले नाहीत, तक्रार अजून चालू आहे. मावशीचे पैसे मी दर महिन्याला थोडे थोडे फेडते आहे. ती नको म्हणते. मी पाठवले की ती आधी माझ्या नवऱ्याला फोन करते, "अरे, हे तिनेच पाठवलेत ना?"