ऑटो-डार्कनिंग हेल्मेट, कट ग्लोव्ह्ज आणि प्रेसचं लाइट कर्टन : काही महिने वापरल्यानंतर

मी फॅब्रिकेशन आणि प्रेस शॉप (पत्रा साच्यात दाबून पार्ट काढणाऱ्या मशीन) बघतो, त्यामुळे हा रिव्ह्यू कॅटलॉग वाचून नाही, रोज शॉपफ्लोअरवर जे दिसतं त्यावरून आहे. मालकांचा प्रश्न एकच होता, सेफ्टी ठीक आहे पण पैसे परत येणार का?

सगळ्यात खुश वेल्डर लोकं आहेत. आधी हातातली काच किंवा मान झटकून खाली पाडायचं हेल्मेट, त्यामुळे टॅक (जॉब जागेवर धरायला मारलेला छोटा वेल्ड) मारताना अंदाजाने आर्क मारायचा आणि बरेच जण "एवढंसं तर आहे" म्हणून नुसते डोळे मिटून टॅक मारायचे. मग रात्री डोळ्यात वाळू गेल्यासारखं, दुसऱ्या दिवशी दांडी. ऑटो-डार्कनिंगमध्ये आर्क लागायच्या आधी जॉब स्पष्ट दिसतो आणि आर्क लागला की काच डोळ्याला कळायच्या आत काळी होते. दोन्ही हात मोकळे, टॅक बरोबर जागेवर, त्यामुळे नंतर ग्राइंडिंग कमी आणि रिवर्क पण कमी. बॅटरी गेली तरी यूव्ही आणि आयआर फिल्टर चालूच असतो हे बऱ्याच जणांना माहीत नसतं, पण काच काळी होत नसेल तर वेल्डिंग करायचं नाही, लखलखाट डोळ्यावर येतोच. बाहेरची प्लास्टिकची काच मात्र स्पॅटरने (वेल्डिंगचे उडणारे गरम थेंब) लवकर खराब होते, ती स्टॉकमध्ये ठेवा नाहीतर हेल्मेट खुंटीला जातं. आणि धुराचं काय? हेल्मेट धूर थांबवत नाही. आयएआरसीने (जागतिक आरोग्य संघटनेची कॅन्सर संशोधन संस्था) 2017 मध्ये वेल्डिंगचा धूर कॅन्सर करणाऱ्या गोष्टींच्या पहिल्या गटात टाकलाय, त्याला एक्झॉस्टच पाहिजे.

ग्लोव्ह्जबद्दल मिक्स मत आहे. ईएन 388 (ग्लोव्ह्जचं युरोपियन स्टँडर्ड) मध्ये कटची लेव्हल ए पासून एफ पर्यंत असते, आम्ही हौसेने जाड वरची लेव्हल मागवली तर छोटे पार्ट हातात धरताच येईनात, लोकं ग्लोव्ह काढून काम करायला लागली. मधल्या लेव्हलचे, तळव्याला नायट्राइल कोटिंगवाले पातळ आणल्यावर कुणी काढत नाही. पत्र्याच्या धारेने होणारे बारीक काप खरंच कमी झालेत. पण फिरत्या ब्लेडसमोर हे काही कामाचे नाहीत आणि ड्रिल मशीनवर तर घालायचेच नाहीत, ग्लोव्ह गुंडाळला गेला की हात आत ओढला जातो.

आता प्रेस. आधी जाळीचं गेट होतं, दर स्ट्रोकला उघडा-बंद करा, साहजिकच प्रॉडक्शनच्या घाईत गेटचा स्विच तारेने बांधलेला सापडायचा. ओरडून काय होतंय? कामाला अडवणारी सेफ्टी कुणीतरी बांधूनच ठेवणार. लाइट कर्टन म्हणजे समोर किरणांचा पडदा, हाताने किरण तुटला की प्रेस थांबते. त्यात अडवणूक नाही, जॉब ठेवला, हात बाहेर, स्ट्रोक. पार्ट जास्त निघतात आणि ऑपरेटरचा खांदा पण दुखत नाही. फक्त बसवणाऱ्याकडे लक्ष ठेवा, आमच्याकडे आलेला माणूस डायच्या (साच्याच्या) अगदी जवळ लावून निघाला होता. हिशोब सोपा आहे, हात सेकंदाला 2 मीटर वेगाने आत येतो असं धरतात, प्रेस थांबायला 0.15 सेकंद लागत असतील तर तिथेच 300 मिमी झाले, वर कर्टनच्या रिझोल्यूशनप्रमाणे (किती बारीक वस्तू ओळखतो) अजून अंतर. ब्रेक लायनर झिजला की थांबायचा वेळ वाढतो, म्हणून तो अधूनमधून मोजायला लागतो.

मग नफा? न झालेल्या अपघाताचे पैसे कुठल्याच खात्यात दिसत नाहीत, त्यामुळे "एवढे वाचले" असा आकडा कुणी देत असेल तर मी तरी फार मनावर घेत नाही. अल्कोआ या अमेरिकन अॅल्युमिनियम कंपनीचं उदाहरण सगळे देतात, 1987 मध्ये पॉल ओनील तिचे प्रमुख म्हणून आले, सेफ्टी पहिली म्हणाले आणि पुढे नफाही वाढला. पण तेवढ्या वर्षांत कंपनीत बाकी पण बरंच काही बदललं असणार ना. आमच्याकडे जे परत आलं ते रिवर्क आणि प्रेसच्या स्पीडमधून. ग्लोव्ह्जचा खर्च मात्र चालूच राहतो, तो मी कन्झ्युमेबलमध्येच धरतो.

जुन्या पिन क्लचच्या प्रेस असतील त्यांनी कर्टनच्या नादी लागू नका, क्लच पकडला की फेरा पूर्ण झाल्याशिवाय ती थांबत नाही, मग किरण तुटून उपयोग काय. तिथे आम्ही फिक्स गार्ड लावलेत आणि पार्ट सरकवायला चुंबकाची दांडी दिलीय. स्लो आहे, पण त्या मशीनवर दुसरा इलाज नाही.