आययूईचे अतिनील वर्णपट: ‘मास्ट’ संग्रहाचे परीक्षण

बाल्टिमोरच्या स्पेस टेलिस्कोप सायन्स इन्स्टिट्यूटचा ‘मास्ट’ हा संग्रह सर्वांसाठी खुला आहे, आणि बडोद्यात भौतिकशास्त्र शिकणाऱ्या ज्या मुलांना स्वतःची दुर्बीण नसतानाही खरे संशोधन करून पाहायचे आहे, त्यांना तो मी निःशंकपणे सुचवतो. माझ्या वापरात आहे तो त्यातला आययूई (इंटरनॅशनल अल्ट्राव्हायोलेट एक्सप्लोरर) या अतिनील दुर्बीण-उपग्रहाचा विभाग. अवघ्या 45 सेंटिमीटर व्यासाच्या आरशाने 1978 ते 1996 या काळात टिपलेले एक लाखाहून अधिक वर्णपट इथे विनाशुल्क मिळतात. खातेही उघडावे लागत नाही.

सुरुवात ययाती तारकासमूहातील फाय पर्सेईपासून करावी. नुसत्या डोळ्यांना दिसणाऱ्या, स्वतःभोवती वेगाने गिरकी घेणाऱ्या या बी-ई ताऱ्याचा (वर्णपटात उत्सर्जन रेषा दाखवणाऱ्या उष्ण निळ्या ताऱ्याचा) सोबती एक उष्ण उपबटू (लहान व मंद) तारा आहे आणि त्यांची प्रदक्षिणा सुमारे 127 दिवसांची आहे. हा सोबती एके काळी जोडीतला थोरला होता. त्याचे बाहेरचे आवरण जोडीदाराकडे वाहून गेले, त्यानेच जोडीदाराची गिरकी वाढली, आणि मागे राहिला तो सुमारे 53 हजार केल्विनचा उघडा गाभा. दृश्य प्रकाशात तो जोडीदाराच्या तेजात हरवतो, अतिनीलात मात्र त्याचा वाटा वाढतो.

शोधचौकटीत एचडी 10516 हा फाय पर्सेईचा सूची-क्रमांक टाकून लघुतरंग कॅमेऱ्याचे उच्च विभेदनाचे वर्णपट निवडावेत. उपबटूच्या सैद्धांतिक वर्णपटाशी त्यांचा सहसंबंध काढला (दोन्ही किती जुळतात ते मोजले) की मुख्य ताऱ्याच्या पसरट उंचवट्यासोबत उपबटूचे एक अरुंद शिखर दिसते आणि निरीक्षणाच्या तारखेनुसार ते डावी-उजवीकडे सरकते. कक्षीय गती अशी आपल्याच संगणकावर उलगडताना पाहण्यासारखा दुसरा आनंद मला तरी ठाऊक नाही.

या संग्रहाचे मोल 2018 मध्ये ठळकपणे दिसले: उपग्रह बंद होऊन दोन दशके उलटल्यावर 264 बी-ई ताऱ्यांचे हेच जुने वर्णपट पुन्हा तपासले गेले आणि अशा जोड्यांचे 12 नवे उमेदवार सापडले. पुढे हबलने अशा 13 ताऱ्यांचे अतिनील वर्णपट घेतले, तेव्हा 10 ठिकाणी उपबटूची खूण स्पष्ट मिळाली.

फाइली फिट्स या खगोलशास्त्रीय विदेच्या स्वरूपात असल्याने थोडे पायथन यायला हवे, आणि एकेकट्या वर्णपटात गोंगाट बराच असल्याने भरपूर निरीक्षणे असलेलाच तारा घ्यावा. फाय पर्सेईवर हात बसला की हंस तारकासमूहातली 59 सिग्नी ही अशीच जोडी घ्यावी. तिची कक्षा जेमतेम 28 दिवसांची आहे.